मैदानी रॉक महोत्सवांची गर्दी आणि हेडलाइनर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसात, लग्नकार्यात, कधी लोकलच्या दारात, मला हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. म्हणून उत्तरं एकदाची एका जागी लिहून काढली. संगीताचं वेड तर आहेच, पण गर्दीच्या आकड्यांकडे मी जास्त बारकाईने बघते. आकडा चुकला की पाण्याचे नळ कमी पडतात, दरवाजे कमी पडतात, आणि मग माणसं दगावतात.

सगळ्यात जास्त गर्दी कुठल्या रॉक कार्यक्रमाला झाली?

मोजलं काय, यावर उत्तर ठरतं. रेकॉर्डच्या पुस्तकांत रॉड स्टुअर्टचं नाव सापडेल : ३१ डिसेंबर १९९४, रिओ शहरातला कोपाकबाना किनारा, ३५ लाख माणसं. पण त्या रात्री तिथे नवीन वर्षाची आतषबाजी होती. रिओकर दरवर्षी त्यासाठी किनाऱ्यावर येतातच. त्यातले रॉड स्टुअर्टसाठी किती आणि फटाक्यांसाठी किती, हे कोण सांगणार? त्याच किनाऱ्यावर १८ फेब्रुवारी २००६ ला रोलिंग स्टोन्स वाजवून गेले, आकडा दिला गेला १५ लाख. या कार्यक्रमांना तिकीट नव्हतं, फाटक नव्हतं. म्हणजे तो अंदाज झाला, मोजणी नव्हे.

तिकीट विकून जमलेली गर्दी म्हणाल, तर २०२५ पर्यंत नाव घेतलं जायचं ते आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसलेल्या एका इटालियन रॉक गायकाचं. वास्को रॉस्सी. १ जुलै २०१७ ला मोदेना शहरातल्या उद्यानात त्याच्या एकट्याच्या कार्यक्रमाची दोन लाख वीस हजारांहून जास्त तिकिटं खपली. माझ्या लेखी हा आकडा कोपाकबानाच्या ३५ लाखांपेक्षा वजनदार आहे, कारण त्यातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने एक तिकीट निघालेलं आहे.

पण मैदानातली माणसं मोजतात तरी कशी?

सगळ्यात जुनी आणि अजूनही कामाची रीत हर्बर्ट जेकब्स यांची. १९६० च्या दशकात ते अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात पत्रकारिता शिकवत. खिडकीतून खाली विद्यार्थ्यांची निदर्शनं दिसायची, आणि त्या चौकातल्या फरशीवर चौकटी आखलेल्या होत्या. त्यांनी एकेका चौकटीतली डोकी मोजली आणि हिशेब बसवला : सैल गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, आणि अगदी खेटून उभं राहिलं तर अडीच.

आता हे आपल्या शिवाजी पार्कवर लावून बघा. मैदान साधारण २८ एकर, म्हणजे १२ लाख चौरस फुटांच्या आसपास. सैल गर्दी धरली तर सव्वा लाखाच्या आत माणसं. दाट धरली तर पावणेतीन लाखांच्या आत. एकूण एक कोपरा खच्चून भरला तरी पाच लाख होत नाहीत. त्यातून स्टेज, कठडे, झाडं, कडेचे रस्ते वजा करायचे ते वेगळेच. एकदा हे गणित हाताने मांडलं, की कुठल्याही सभेचा किंवा कॉन्सर्टचा आकडा वाचताना आपोआप जागेचा विचार मनात येतो.

कोपाकबानालाही हेच करून बघा. चार किलोमीटर लांब किनारा. सरसकट शंभर मीटर रुंदी धरली, तर ४३ लाख चौरस फूट. त्यात १५ लाख माणसं बसवली की वाट्याला तीन चौरस फूटही येत नाहीत. म्हणजे स्टेजपुढच्या पहिल्या दहा रांगांत असते तशी दाटी सलग चार किलोमीटर हवी. फोटोत गर्दी प्रचंड दिसते, पण तशी सलग दिसत नाही.

‘दहा दिवसांत चौदा लाख’ म्हणजे काय?

म्हणजे बेरीज. १९८५ च्या जानेवारीत पहिला ‘रॉक इन रिओ’ दहा दिवस चालला. क्वीन, आयर्न मेडन, एसी/डीसी, ऑझी ऑझबॉर्न, स्कॉर्पियन्स असे एकाहून एक बँड होते. एकूण उपस्थिती सांगतात १३ लाख ८० हजार. पण चार दिवस आलेला माणूस त्यात चारदा धरला जातो. व्हिएन्नाच्या डोनाउइन्सेलफेस्ट या महोत्सवाचे तीस लाखही तीन दिवसांतल्या ‘भेटी’ असतात, इतकी वेगवेगळी माणसं नव्हेत. आपल्याकडे २०२३ च्या जानेवारीत महालक्ष्मी रेसकोर्सवर पहिला लोलापलूझा महोत्सव झाला, तेव्हा ६० हजारांहून जास्त हा आकडा दोन दिवसांचा मिळून होता. आकडा वाचला की पहिला प्रश्न हाच विचारायचा : एका वेळी आत किती होते? फाटकं, संडास आणि रुग्णवाहिका त्या आकड्यावर ठरतात, बेरजेवर नाही.

वुडस्टॉकला खरंच पाच लाख लोक होते का?

अमेरिकेतल्या १९६९ च्या या महोत्सवाला चार लाखांच्या वर होते, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. पाच लाखही पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. खात्रीचा आकडा एकच आहे : आगाऊ विकलेली तिकिटं, सुमारे १ लाख ८६ हजार.

बाकीचे आत आले कसे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कार्यक्रम आधी वॉलकिल गावात व्हायचा होता. तिथे परवानगी नाकारली गेली, तेव्हा हातात जेमतेम महिना उरला होता. मग बेथेलमधल्या मॅक्स यासगर या दूधवाल्या शेतकऱ्याची जमीन मिळाली. एवढ्या दिवसांत स्टेज पुरं करायचं की कुंपण? स्टेज निवडलं गेलं. लोक दोन दिवस आधीपासूनच येऊन बसले होते, आणि बसलेल्यांना उठवून तिकीट मागणं शक्यच नव्हतं. १५ ऑगस्ट १९६९ ला रस्ते असे तुंबले की कलाकारांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. रिची हेवन्सने कार्यक्रम सुरू केला, कारण पुढचे लोक वाटेत अडकले होते. त्याला इतका वेळ गात राहावं लागलं की जवळची गाणी संपली आणि त्याने स्टेजवरच नवीन रचलं. त्याच रात्री पंडित रविशंकर पावसात सतार घेऊन बसले. दोन वर्षांपूर्वी मॉन्टेरीच्या महोत्सवात त्यांनी निवांत दुपारी वाजवलं होतं. तिथल्या श्रोत्यांबद्दल त्यांना आपुलकी होती. वुडस्टॉकच्या चिखलाबद्दल आणि नशेबद्दल ते पुढे नाराजीनेच बोलत.

आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्स. तो सगळ्यांत मोठा, म्हणून सगळ्यांत शेवटी. पण कार्यक्रम लांबत लांबत रविवारची रात्र उलटली आणि सोमवारची सकाळ झाली. तो वाजवायला उभा राहिला तेव्हा बहुतेक लोक घरच्या वाटेला लागले होते. मागे ३०-४० हजार उरले असावेत, असं सांगतात. त्या सकाळचं चित्रण बघा : ओली ब्लँकेटं, चिखलात रुतलेल्या चपला, रिकामं होत चाललेलं उताराचं मैदान, आणि त्यावरून घुमणारं गिटारवरचं अमेरिकेचं राष्ट्रगीत. ‘चार लाखांसमोर हेंड्रिक्स’ असं जेव्हा कुणी लिहितं, तेव्हा मला ते मैदान डोळ्यांपुढे येतं.

मग वुडस्टॉकपेक्षा मोठं काही झालंच नाही?

झालं. १९७० चं आयल ऑफ वाइट आणि १९७३ चं अमेरिकेतलं वॉटकिन्स ग्लेन, दोन्हींचा सहसा सांगितला जाणारा आकडा सहा लाख. आयल ऑफ वाइट तर बेट, आणि तिथली सगळी वस्ती लाखभर. बेटावरच्या लोकांनी त्याचा इतका धसका घेतला की १९७१ मध्ये ब्रिटिश संसदेने खास त्या बेटापुरता कायदा केला : पाच हजारांवर माणसं रात्री मुक्कामाला जमवायची तर परवाना हवा. महोत्सव पुन्हा सुरू व्हायला २००२ साल उजाडलं.

वॉटकिन्स ग्लेनला बँड तीनच होते : ग्रेटफुल डेड, द बँड आणि ऑलमन ब्रदर्स. दीड लाख तिकिटं विकली होती. आदल्या दिवशीच एवढी माणसं जमली की ग्रेटफुल डेडचं साउंड चेक (आवाजाची आधीची चाचणी) हाच एक लांबलचक कार्यक्रम होऊन बसला.

मॉस्कोत मेटॅलिकासमोर १६ लाख होते म्हणतात. खरं?

२८ सप्टेंबर १९९१, तुशिनो विमानतळ. एसी/डीसी, मेटॅलिका, पँटेरा, ब्लॅक क्रोज. प्रवेश फुकट. दीडेक महिन्यापूर्वीच सोव्हिएत सत्तेतला उठाव फसला होता, आणि ज्यांनी या बँडच्या कॅसेट लपूनछपून ऐकल्या ती पोरं पहिल्यांदाच त्यांना समोर बघत होती. आकडे पाच लाखांपासून १६ लाखांपर्यंत काहीही सांगितले जातात. एवढी मोठी तफावत असली की मी दोन्ही टोकं सांगते आणि थांबते. लष्करी गणवेशातल्या माणसांची साखळी आणि तिच्यापलीकडे धुळीत विरून जाणारी डोकी, हे चित्रण मात्र खरं आहे, आणि ते बघताना आजही अंगावर काटा येतो.

‘हेडलाइनर’ म्हणजे नक्की कोण?

मुख्य स्टेजवर त्या दिवशी शेवटी वाजवणारा. पोस्टरवर त्याचं नाव सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात असतं. अक्षराचा आकार आणि नावांचा क्रम यांवर करारात घासाघीस होते. बाकीच्यांना पाऊण-एक तास मिळतो, हेडलाइनरला दीड ते दोन. आपल्या संगीत सभांमध्येही ज्येष्ठ गवई शेवटीच बसतात, तेव्हा ही प्रथा आपल्याला नवीन नाही.

मोठा बँड आणला की गर्दी वाढते, एवढं साधं आहे का?

एकट्या बँडच्या कॉन्सर्टला हो. ओएसिस या ब्रिटिश बँडने १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या नेबवर्थला दोन रात्री सव्वा-सव्वा लाख माणसं जमवली, आणि तिकिटांसाठी २५ लाखांवर लोकांनी प्रयत्न केला होता.

महोत्सवाचं तसं नसतं. इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवाची तिकिटं बहुतेक वर्षी आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच तासाभरात संपतात, आणि तोवर हेडलाइनर कोण हे जाहीरही झालेलं नसतं. गर्दी महोत्सवाच्या नावावर येते. हेडलाइनर फक्त ठरवतो, आत आलेली माणसं कुठे उभी राहणार. खरी अडचणही इथेच होते. २०२४ मध्ये ग्लास्टनबरीला शुगाबेब्स या गटाला वेस्ट होल्ट्स हे लहान स्टेज दिलं होतं. ऐकायला इतके लोक लोटले की तो भाग येणाऱ्यांसाठी बंद करावा लागला. मुख्य पिरॅमिड स्टेजपुढे लाखभर माणसं सुखाने उभी राहतात, कारण ती जागा तेवढ्यांसाठीच आखलेली आहे. आयोजकांचा अंदाज चुकतो तो असा मधल्या फळीच्या कलाकारांबाबत, आणि म्हणून कोणाला कुठलं स्टेज द्यायचं हा माझ्या मते महोत्सवातला सर्वांत जोखमीचा निर्णय आहे.

ग्लास्टनबरी एवढं मोठं झालं कसं?

१९ सप्टेंबर १९७०. आदल्याच दिवशी हेंड्रिक्स लंडनमध्ये गेला होता. सॉमरसेटमधल्या मायकल ईव्हिस या शेतकऱ्याने आपल्या गोठ्याच्या रानात कार्यक्रम ठेवला. तिकीट एक पौंड, वर शेतावरचं दूध फुकट. किंक्स येणार होते, ते आले नाहीत. त्यांच्या जागी टिरॅनोसॉरस रेक्स आले, जे पुढे टी. रेक्स झाले. माणसं आली दीड हजार. आज परवाना दोन लाख दहा हजारांचा आहे, त्यात कलाकार, कामगार, स्वयंसेवक सगळे धरून.

मधलं एक वर्ष विसरू नये. २००० मध्ये तिकीटवाले लाखभर होते, आणि जवळपास तेवढेच कुंपणावरून उड्या मारून आत आले. २००१ चा महोत्सव रद्द झाला. २००२ ला भक्कम पोलादी कुंपण घालून तो परत भरला. फुकट्यांवर राग काढावा असं त्यात काही नाही, पण आत दोन लाख आणि तयारी एक लाखाची, हे परत चालणार नाही एवढं त्या वर्षाने ठरवून टाकलं. दर काही वर्षांनी तिथली जमीन पड ठेवतात, म्हणजे त्या वर्षी महोत्सव नाही, फक्त गायी. २०१८ ला ठेवली होती, २०२६ ला पुन्हा.

लोकलमध्ये तर याहून भयंकर गर्दी असते. मग मैदानातली गर्दी धोक्याची का?

हा प्रश्न मुंबईकरच विचारू शकतो, आणि प्रश्न रास्त आहे. ऐन गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यात चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी असतात, असं रेल्वेचेच आकडे सांगतात. मैदानात मात्र पाचच्या पुढे गेलं की जाणकार काळजीत पडतात. सहा-सातच्या पुढे गर्दी पाण्यासारखी वाहायला लागते, आणि माणसाच्या हातात काही उरत नाही.

फरक हा की डब्याला भिंती असतात. तुमच्यावर दाब येतो तो त्या डब्यातल्या माणसांचा. हाताला कडी असते, आणि पुढच्या स्टेशनवर दार मोकळं होतं. मैदानात तुमच्यामागे शंभर रांगा असू शकतात. मागच्याने अर्धं पाऊल पुढे टाकलं की तो धक्का साठत साठत पुढच्या कठड्यापाशी लाट होऊन पोचतो. मागच्याला त्याचा पत्ताही नसतो. इंग्रजी बातम्यांत अशा वेळी जनावरं उधळावीत तसा ‘स्टॅम्पीड’ हा शब्द वापरतात, जणू लोक पळत सुटले होते. आपला ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द जास्त खरा आहे. माणसं बहुतेकदा उभ्या उभ्या, छाती फुगवायला जागा न मिळाल्यामुळे जातात. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर सप्टेंबर २०१७ मध्ये आपण ते पाहिलं आहे.

रॉकच्या जगात ही तारीख ३० जून २००० ची. डेन्मार्कमधलं रोस्किल्डे, पर्ल जॅम स्टेजवर, पाऊस, निसरडी जमीन. पुढची काही मुलं पडली आणि मागची त्यांच्यावर. गायक एडी व्हेडरने गाणं थांबवून लोकांना मागे सरका म्हणून विनवलं. तोवर उशीर झाला होता. नऊ तरुण गेले. त्या रात्री एकूण संख्या परवान्याबाहेर गेली म्हणून हे घडलं नव्हतं, ते पुढच्या मोजक्या चौरस मीटरांत घडलं. त्यानंतर रोस्किल्डेने स्टेजपुढची जागा कठड्यांनी लहान कप्प्यांत विभागली. प्रत्येक कप्प्यात ठरावीकच माणसं, शिरायची वाट वेगळी. आज जगभर मोठ्या स्टेजपुढे असे कप्पे दिसतात. कुणी त्याला महागड्या तिकिटवाल्यांचे लाड समजतं. काही ठिकाणी ते तसं असेलही, पण मूळ कारण ती नऊ मुलं आहेत.

मी स्वतः एकदा त्या लाटेत सापडले आहे. पुण्याजवळचा एक कार्यक्रम होता, मी बावीस वर्षांची. मुख्य बँड आला आणि मागून रेटा सुरू झाला. हात खाली होते ते वर काढता येईनात. पुढच्या मुलाच्या टी-शर्टची शिवण माझ्या गालावर उमटली होती. दोन-तीन क्षण तर बूट जमिनीला टेकलेच नव्हते, आणि गर्दी डावीकडे झुकली की श्वास मिळायचा, उजवीकडे झुकली की नाही. शेजारच्या एका उंच मुलाने कोपरं बाहेर काढून माझ्यापुढे वीतभर जागा धरून ठेवली आणि ओरडला, “ताई, हात छातीपाशी घे, बॉक्सिंगसारखे!” तेवढी एक सूचना मी आजवर शंभर जणांना दिली असेल. दाब आला की हात छातीपुढे, पाय किंचित फाकवून. रेट्याला विरोध करायचा नाही, आणि लाट ओसरली की तिरकं कडेकडे सरकायचं. काही खाली पडलं तर वाकायचं नाही, मग तो फोन का असेना.

इतक्या मागे उभ्या असलेल्याला ऐकू कसं येतं?

आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. म्हणजे तेवढ्या अंतरावर उभं राहिलात तर ड्रमवर काठी पडलेली आधी दिसते, ठोका सेकंदाने येतो. त्यासाठी मैदानात मध्येमध्ये स्पीकरचे मनोरे उभारतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, म्हणजे स्टेजवरून आलेला आणि मनोऱ्याचा एकदमच कानी पडतो. वॉटकिन्स ग्लेनला १९७३ मध्ये ही युक्ती वापरली गेली होती. मनोरे चांगले असले की मागचे लोक पुढे रेटत नाहीत, हा त्याचा दुसरा फायदा.

आपल्याकडे लाखांचे रॉक महोत्सव का होत नाहीत?

श्रोते नाहीत म्हणून, असं म्हणणाऱ्यांशी मी भांडते. १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉकला धोबी तलावच्या रंगभवनात पोरं कशी जमायची, ते आधीच्या पिढीला विचारा. पुढे तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि मुंबईने आपलं हक्काचं खुलं रंगमंदिर गमावलं. त्याची भरपाई आजतागायत झालेली नाही. २००७ मध्ये आयर्न मेडनसाठी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर तीस हजारांवर माणसं जमली, त्यात मुंबई-पुण्याहून रात्रभर बसने गेलेले कितीतरी. २०१६ मध्ये कोल्डप्लेसाठी वांद्रे-कुर्ला संकुलात ८० हजारांच्या आसपास. माणसं आहेत. नाही ती जागा : शहराजवळ, गाडी किंवा ट्रेन पोचेल अशी, निचरा होणारी, चार बाजूंनी बाहेर पडता येईल अशी.

आणि हेडलाइनर एवढ्या लवकर का संपवतात?

उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, पण त्यात सणांचाच वाटा मोठा. म्हणून साडेआठला सुरुवात.

रॉकचे दिवस संपले का?

पोस्टरवर एकट्या रॉकची सत्ता राहिली नाही, हे खरं. पण २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवाला ग्रीन डे हा रॉक बँड होता, ग्लास्टनबरीला नील यंग होता, आणि महालक्ष्मीला लोलापलूझात ग्रीन डे आले तेव्हा पहिल्या रांगांत कॉलेजातली पोरं होती, माझ्या वयाची नव्हेत. वाकेन या जर्मन खेड्यात दोन हजारांच्या आसपासच वस्ती, आणि तिथे दर उन्हाळ्यात मेटल हा रॉकचा दणदणीत प्रकार ऐकायला ८५ हजार माणसं जातात. १९९० च्या पहिल्या वर्षी आठशे होती.

हेडलाइनर बघायला कुठे उभं राहावं?

साउंड इंजिनिअरच्या तंबूच्या जरा मागे, एका कडेला. तो जे ऐकून बटणं फिरवतो तेच तुम्हाला ऐकू येतं, आणि तंबूमुळे मागचा रेटा तुटतो. तिथे पोचल्यावर आधी बाहेर जायच्या दोन वाटा बघून ठेवा, सोबतच्यांशी भेटायची जागा ठरवा (फोनला रेंज नसतेच), पाणी भरून घ्या, आणि मग स्टेजकडे तोंड करा.